व्ही. पी., परदेशी पेन आणि मधला माणूस

‘व्ही. पी. सोडवून घेणे’ हा शब्दप्रयोग आता घरातील मुलांस समजावून सांगावा लागतो. पुण्यामुंबईच्या प्रकाशकाकडे एक पोस्टकार्ड टाकावे, आठपंधरा दिवसांनी पोस्टमनने दारात पुडके आणावे आणि आपण पैसे मोजून ते ताब्यात घ्यावे, असा तो सरळ व्यवहार होता. हिंदुस्थानच्या टपालखात्याने ही सोय १८७७ साली सुरू केली. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील मराठी घरांत किती दिवाळी अंक आणि किती पुस्तके त्या वाटेने आली, त्याची गणती नाही. प्रकाशक आपणांस ओळखत नसे, आपण त्याचे तोंड पाहिलेले नसे. तरी कोणाचे अडत नसे. कारण मध्ये पोस्ट उभे होते. पैसे मोजल्याशिवाय पुडके नाही आणि पुडके दिल्याशिवाय पैसे नाहीत. आत काय आहे हे फोडून पाहण्याची मात्र मुभा नव्हती, आणि स्वस्त घड्याळाच्या जाहिरातीस भुलून व्ही. पी. सोडविली तो आत दगड निघाला, अशा कथा तेव्हाही ऐकू येत.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे फाउंटन पेन. जुन्यांपैकी काही जण त्यास ‘झरणी’ म्हणत; तो शब्द गोड असूनही रुळला नाही. बॉलपेनने त्यास हद्दपार केले असे वाटत होते, परंतु अलीकडे आमच्या परिचयातील चारदोन कुटुंबांत ते पुन्हा येऊ लागले आहे. नातवंडांना नवे हवे असते, आजोबांना जुने. नव्याची गोष्ट सोपी आहे. जपानी पायलट किंवा जर्मन लॅमी आज भारतातील विक्रेत्यांकडे रुपयांत, पावतीसह मिळते, आणि राजमहेंद्रीच्या रत्नम् यांच्यासारखे १९३० च्या दशकातील स्वदेशीच्या प्रेरणेने उभे राहिलेले आपले कारखानदारही आहेत. अशा पेनासाठी समुद्र ओलांडण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. जुन्याचे मात्र तसे नाही. ते जेथे आहे तेथूनच आणावे लागते आणि ते बहुधा इंग्लंडात किंवा अमेरिकेत कोणाच्या तरी खणात पडलेले असते.

आमच्या ओळखीचे शहापुरातील एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना हवे होते पार्कर ५१. हे पेन १९४१ साली अमेरिकेत बाजारात आले, पुढे इंग्लंडातही होऊ लागले, आणि त्याची निब टोपडे घातल्यासारखी झाकलेली असल्याने ते लांबूनही ओळखू येते. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर गुरुजींच्या वडिलांनी त्यांना ते १९५८ साली दिले होते. त्या काळी परदेशी पेन आणणे म्हणजे परकीय चलनाचा प्रश्न, परवान्याचा प्रश्न. पण बेळगावकरांस गोवा जवळ. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि परदेशी मालाची रेलचेल होती. सरहद्दीवरच्या कॅसलरॉकच्या तपासणीच्या हकिकती सांगणारी माणसे आमच्या लहानपणी गल्लोगल्ली भेटत. गुरुजींचे पेन पणजीहून कसे आले हे त्यांच्या वडिलांनी कधी सांगितले नाही आणि गुरुजींनीही कधी विचारले नाही. १९७४ साली निपाणीहून येताना एस. टी.च्या गर्दीत ते खिशातून गेले. त्यानंतर पन्नास वर्षे त्यांनी दुसऱ्या पेनांनी लिहिले. आता पत्नीच्या पश्चात तिच्या आठवणी लिहावयास घेतल्या आहेत, आणि त्या ‘त्याच’ पेनाने लिहावयाच्या असा त्यांचा हट्ट आहे.

ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरील बंधने २००१ च्या एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. तेव्हा आज असे पेन मागविण्यास कायद्याची आडकाठी नाही. ईबे या अमेरिकन बाजाराची भारतीय शाखा २०१८ साली बंद झाली असली, तरी त्याच्या परदेशी बाजारांतून येथे बसून खरेदी करता येते. गुरुजींच्या वतीने आम्ही तेथे शोध सुरू केला. पहिले चारपाच नमुने पाहतानाच एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. चीनचे ‘हिरो’ पेन एके काळी आपल्याकडे स्वस्तात मिळे. त्याची घडण या पार्करवरूनच घेतलेली. त्याच हिरोस पार्करचे टोपण चढवून कोणी ते ‘दुर्मीळ पार्कर’ म्हणून मांडले होते. खऱ्या पेनाच्या नळीवर नाव व बनावटीचा देश बारीक अक्षरांत कोरलेला असतो, आणि १९४८ नंतरच्या घडणीत नळी काढली की शाई भरण्याचा धातूचा दांडा व त्यावरील सूचना दिसतात. ही दोन छायाचित्रे मागावीत. जो देत नाही, त्याचे पेन घेऊ नये.

इंग्लंडातील एका विक्रेत्याने दोन्ही छायाचित्रे तत्परतेने पाठविली. पेन सुरेख होते. किंमत टपालखर्चासह अठरा हजार रुपयांच्या घरात, म्हणजे गुरुजींच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा मोठा हिस्सा. आणि मग त्याचे तिसरे पत्र आले. बाजारवाले आमच्याकडून भारी दलाली घेतात, तेव्हा तुम्ही बाहेरून थेट माझ्या बँकखात्यावर पैसे पाठवा, मी दहा टक्के सूट देतो, असा त्याचा मजकूर. पत्रात वृद्ध आईचा उल्लेख होता, हिंदुस्थानविषयी प्रेमाचे चार शब्द होते. गुरुजी विरघळले. “अहो, इतके सभ्य पत्र लिहिणारा माणूस फसवील कसा? आणि अठराशे रुपये वाचतात ते निराळेच.”

तो माणूस लबाड होता की नाही, हे आम्हांस आजही ठाऊक नाही आणि ठाऊक होण्याची गरजही वाटत नाही. कदाचित खरोखरच दलालीला कंटाळलेला असेल. परंतु त्याने मागितले होते ते दहा टक्क्यांच्या बदल्यात मधला माणूस काढून टाकणे. व्ही. पी.तील पोस्टमनच त्याने रजेवर पाठविला! बाजाराच्या आत, बाजाराच्याच खिडकीवर पैसे भरले, तर वस्तू आली नाही किंवा वर्णनाबरहुकूम नसली तर पैसे परत मिळवून देण्याची हमी ईबे देतो. पोहोचल्यापासून तीस दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. व्ही. पी.हून ही सोय एका अर्थाने सरस आहे, कारण येथे पुडके फोडून पाहिल्यावरही बोलता येते. पण बाहेर पाठविलेल्या पैशांशी ईबेचा संबंध उरत नाही. बँकेत परदेशी रक्कम पाठविण्याचा अर्ज भरून पैसे एकदा गेले, की बँकही फार तर विनंती करणार.

मधला माणूस नेहमीच देवमाणूस असतो असे आमचे म्हणणे नाही. निपाणीच्या वाचकांस तरी तसे सांगण्याची आमची छाती नाही. तंबाखूच्या बाजारात शेतकरी कसा नाडला जाई आणि १९८१ चे आंदोलन कशापायी पेटले, ते त्या गावाने पाहिले आहे. बाजारवाला दलाली खातो हे खरेच. ती दलाली हमीची किंमत आहे, एवढे ओळखून ती द्यावी.

गुरुजींचा पुतण्या लंडनमध्ये असतो. त्याला हे कळताच तो म्हणाला, “काका, मी येथून पेपॅलने देऊन टाकतो.” कल्पना चांगली होती, पण विक्रेत्याने त्यालाही सुचविले की ‘मित्र व कुटुंबीय’ या सदराखाली पैसे पाठवा, शुल्क वाचेल. येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे, कारण मुले-पुतणे परदेशी असणाऱ्या घरांत हा प्रसंग हमखास येतो. पेपॅलमध्ये पैसे पाठविण्याचे दोन मार्ग आहेत. वस्तू व सेवांसाठी म्हणून पाठविले, तर ग्राहकसंरक्षण लागू होते आणि पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. घरच्या माणसास म्हणून पाठविले, तर ते संरक्षण नाही. आपण भाच्याला वाढदिवसाचे पैसे धाडल्यासारखेच ते. ज्याला आपण जन्मात पाहिले नाही, तो आपल्या कुटुंबीयांत जाऊन बसतो, तेव्हा शंका घ्यावयास हरकत नाही. तसेच इंग्लंड-जपानातील विक्रेता भारतातल्या कोणा ‘प्रतिनिधी’चा यूपीआय पत्ता देऊ लागला, तर तेथूनच नमस्कार करावा.

आम्ही ते पेन सोडून दिले. गुरुजी चार दिवस आमच्याशी तुटक बोलत होते.

दुसरे पेन दुसऱ्या विक्रेत्याकडून, बाजाराच्या आतच घेतले. ते आले, आणि टोपड्यावर केसासारखी तडा निघाली; शाई भरताच ती तेथून झिरपू लागली. वर्णनात ‘निर्दोष’ म्हटले होते. पुडके उघडतानाचे चित्रण मोबाइलवर केलेले होते आणि सारा पत्रव्यवहार बाजाराच्या पेटीतच ठेवलेला होता, म्हणून तक्रार नोंदविण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. विक्रेत्याचे उत्तर असे: आधी तक्रार मागे घ्या, मग मी आपण होऊन पैसे पाठवितो. हा डाव जुना आहे. मागे घेतलेली तक्रार बहुधा पुन्हा उघडता येत नाही, आणि तीस दिवस कोणासाठी थांबत नाहीत. आम्ही ती तशीच ठेवली. पेन जकातीचा कागद भरून बेळगावच्या मुख्य टपाल कचेरीतून स्पीड पोस्टने परत गेले, तेथे पोहोचल्याची नोंद झाली आणि किंमत कार्डावर परत जमा झाली. पोस्टमनला दिलेली जकात मात्र गेली ती गेली. ती सरकारजमा; विक्रेता ती कोठून देणार?

पैसे भरले होते गुरुजींच्या कन्येच्या कार्डाने. कार्डाविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्याकडे दुकानदार ओटीपी विचारतो, म्हणून ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत असे आपण धरून चालतो. परदेशी दुकानदार अनेकदा तो विचारत नाही. कार्डाचा क्रमांक, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागते. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२० साली कार्डाचा परदेशी वापर ग्राहकाने आपण होऊन चालू करावा, असा नियम केला आणि तो चालू-बंद करण्याची व मर्यादा घालण्याची सोय बँकांस द्यावयास लावली. पेन अठरा हजारांचे असेल, तर मर्यादा एकोणीस-वीस हजारांची ठेवावी, पैसे भरावेत आणि परदेशी वापराची कळ पुन्हा बंद करावी. बिल पौंडांत की रुपयांत असे विचारले, तर पौंड निवडावे. रुपयांचा दर दुकानदाराकडून घेतला, तर तो बहुधा महाग पडतो. बँकही परकीय चलनाच्या व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावते, तो हिशेबात धरावा. आणि आपण न केलेला व्यवहार कार्डावर दिसलाच, तर त्याच दिवशी बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या निर्दोष ग्राहकास पूर्ण संरक्षण दिले. उशिरा कळविणाऱ्यास तसे दिले नाही.

जकातीच्या बाबतीत दोन फसवे प्रकार आहेत. एक म्हणजे विक्रेता सांगतो, पुडक्यावर ‘भेटवस्तू’ लिहितो, जकात वाचेल. भेटीच्या नावाखाली माल मागविण्याची ती वाट सरकारने २०१९ च्या डिसेंबरात राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद केली आहे. शिवाय किंमत कमी लिहिली आणि पुडके हरवले, तर भरपाई कोणत्या आकड्याची मागणार? दुसरा प्रकार त्याहून वाईट. पुडके वाटेत असतानाच भ्रमणध्वनीवर निरोप येतो की आपला माल कस्टममध्ये अडकला आहे, अमुक दुव्यावर पन्नास रुपये भरा. गुरुजींनाही तसा निरोप आला होता. पन्नास रुपयांचे निमित्त असते. हवा असतो तो कार्डाचा क्रमांक. टपालाने येणाऱ्या मालाची जकात पोस्टमन दारात, पावती देऊन घेतो. खासगी कुरियरवाले ती आधी मागतात, पण तेव्हाही निरोपातील दुव्यावर न जाता कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पुडक्याचा क्रमांक घालून पाहावे. चुकून पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे तास मोजले जातात, दिवस नव्हे.

गुरुजींनी गेल्या महिन्यात तिसरे पेन मागविले. या खेपेस छायाचित्रे त्यांनी स्वतःच मागितली, भिंगातून पाहिली, आणि टोपड्याची दोन जादा मागून घेतली. पुडके मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात पोहोचल्याची नोंद काल दिसली. जकातीचे पैसे त्यांनी एका पाकिटात काढून देवघराच्या फळीवर ठेवले आहेत, आणि पोस्टमनची वेळ अकराची म्हणून सकाळचे फिरणे तूर्त सायंकाळवर नेले आहे.