डाव्या चाकाची घुरघुर

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली त्या दिवसापासून गावात मी इंजिनिअर झालो. कॉलेज सुरू व्हायला अजून महिना होता. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा मिक्सर, चुलत्यांच्या बोअरची मोटार आणि देवळातलं आरतीचं नगारा मशीन एवढं सगळं माझ्याकडं तपासायला येऊन गेलं. त्यातलं एकही मी दुरुस्त केलं नाही, पण प्रत्येकापुढं उकिडवं बसून गंभीरपणे "हं" म्हणायला मात्र शिकलो. हॉस्टेलवरच्या सगळ्यांचा थोडाफार हाच अनुभव असणार. कॉम्प्युटरवाल्यांकडं मोबाइल येतात, सिव्हिलवाल्यांना संडासाच्या पाइपचा उतार विचारतात. आपण "हं" म्हणतो आणि सुट्टी संपायची वाट बघतो.

गेल्या दिवाळीत मात्र मी "हं" वर थांबलो नाही. त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. घरी द्राक्षबाग आणि एक जुनी, सेकंडहँड घेतलेली छोटी गाडी. ही गाडी हौसेची नव्हे. आजीला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं, त्यासाठी घेतलेली. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. एसटीनं आजीला जाताना एकवेळ नेता येईल, पण येताना ती पार गळून गेलेली असते. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचं, काचेला शाल लावून त्यावर डोकं टेकायचं आणि डोळे मिटायचे, हा तिचा ठरलेला कार्यक्रम.

स्टँडवर आप्पा मला न्यायला आले तेव्हा गाडीत बसल्या बसल्या आवाज जाणवला. चाळीसच्या पुढं गेलं की खालून "घुंऽऽऽ" असा एकसुरी आवाज. वेग वाढला की सूर चढायचा, कमी झाला की उतरायचा. आप्पांनी त्यावर रेडिओ मोठा करून ठेवला होता.

"कधीपासून येतोय आवाज?"

"झाला असंल महिना. मिस्त्रीला दाखवायचं म्हणतोय, पर छाटणीच्या नादात न्हाई जमलं."

"कशाला मिस्त्री? मी आलोय की."

हे वाक्य मी का बोललो हे मला आजही नीट सांगता येत नाही. पाचव्या सेमिस्टरला मशीन डिझाइनमध्ये बरे मार्क पडले होते, तेवढंच कारण असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरासोरांच्या गर्दीत मी तपासणीला बसलो. पुढचं चाक जॅकवर उचललं. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून चाक हलवलं. बेअरिंग गेलं असेल तर चाक खडखड करत हलतं, असं मी वाचलं होतं. दोन्ही चाकं गच्च. मग बारा-सहा झालं तसं तीन-नऊ करून स्टिअरिंगचे जोड बघितले. तेही ठीक. मग टायरवरनं हात फिरवला. नक्षी झिजलेली, कडेला जराशी खालीवर लागत होती. असा झिजलेला टायर रस्त्यावर घुमतो, हे खरं आहे. म्हणजे झालं. बेअरिंग नाही म्हणून टायर. मी हात पुसत निकाल दिला.

मंगळवारी आजीबरोबर मीही मिरजेला गेलो. वाटेत एका मोठ्या वळणावर आजी डोळे न उघडता म्हणाली, "आत्ता बघ. उजवीकडं वळलं की कण्हतंय. डावीकडं वळलं की गप बसतंय."

आप्पांनी आरशातनं मागं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"रस्ता खराब आहे आजी, त्याचा आवाज असतो तो," मी म्हणालो.

आजी काही बोलली नाही. आपण पुस्तकातलं उत्तर दिलं की घरातली माणसं गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं पटलं.

बुधवारी पुढचे दोन टायर नवे टाकले. बसवणी, बॅलन्सिंग धरून 7,200 रुपये झाले. हा आकडा लिहिताना त्रास होतो, कारण दिवाळीच्या सुमाराला द्राक्षवाल्याच्या घरात पैसा फक्त बाहेर जात असतो. छाटणी होऊन पंधरवडा झालेला, मजुरी द्यायची राहिलेली, डावणीच्या भीतीनं फवारणीवर फवारणी चाललेली, आणि माल निघणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. आप्पांनी दुकानात खिशातनं नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि दिल्या.

गावाबाहेर पडेपर्यंत गाडी छान चालली. मोकळा रस्ता लागला. पंचेचाळीस. पन्नास.

"घुंऽऽऽ."

आप्पांनी हात पुढं करून रेडिओ बंद केला. घर येईपर्यंत आम्ही दोघं दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होतो.

गुरुवारी सकाळी गाडी तासगावच्या मिस्त्रीकडं नेली. पत्र्याचं शेड, भिंतीला टांगलेले पाने, एका कोपऱ्यात चहाची किटली. मी काय काय तपासलं ते सगळं ओळीनं सांगितलं. मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसा, एक चक्कर मारून येऊ."

मिस्त्री स्टिअरिंगवर, मी शेजारी, आप्पा मागं आजीच्या जागेवर. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी साठचा वेग धरला आणि गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला, पण "घुंऽऽ" तसंच चालू. म्हणजे आवाज इंजिनचा नाही, चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. गाडी पुन्हा गिअरमध्ये घेतली. पुढंमागं कोणी नाही हे बघून त्यांनी स्टिअरिंग हलकंसं उजवीकडं दिलं. घुरघुर वाढली. डावीकडं दिलं. जवळजवळ थांबली. परत उजवीकडं. परत वाढली.

"डावं," मिस्त्री म्हणाले.

"पण मला तर उजवीकडनं ऐकू येतंय."

"पत्र्यातनं आवाज कुठनं बी फिरून येतोय. कानाला न्हाई इचारायचं, वळणाला इचारायचं."

मागच्या सीटवरून आप्पा हळूच म्हणाले, "आई हेच सांगत हुती."

मी समोरच्या रस्त्याकडं बघत राहिलो. एसटीत उजव्या वळणाला आपण सगळे डावीकडं कलतो, हे लहानपणापासून माहीत आहे. गाडीचंही तेच होतं. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो. डाव्या बाजूचं बेअरिंग खराब असेल तर भार वाढला की ते जास्त ओरडणार आणि डावीकडं वळताना भार हलका झाला की गप्प होणार. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आहे हे. आजीनं डोळे मिटून केलेलं निदान चुकीचं ठरवायला मला मात्र थर्ड इयरपर्यंत शिकावं लागलं.

गॅरेजमध्ये डावं चाक उचललं. मी ओशाळून सांगितलं की बारा-सहाला हलवून बघितलं होतं, ढिलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, असल्या बेअरिंगला ढिलेपणा येतो तो अगदी शेवटी, त्याच्या आधी ते महिनोन् महिने नुसतं घुमतं. मग त्यांनी माझा हात धरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर लागत होती, जसं काही आत कुणी वाळू भरली आहे. मग उजव्या चाकाला तसंच केलं. लोण्यासारखं फिरलं. यंत्राची कंपनं मोजायला आमच्या लॅबमध्ये सेन्सर आहे, त्याचं जर्नल मी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, सहीसुद्धा वेळेत घेतलीय. स्प्रिंगवर हात ठेवून तेच काम होतं हे त्या जर्नलमध्ये नव्हतं.

"आणि टायरचा संशय हुता तर," मिस्त्री नट सोडवता सोडवता म्हणाले, "पुढची चाकं मागं टाकायची हुती. आवाज मागं गेला असता तर टायर. न्हाई गेला तर न्हाई. फुकटचं काम."

आप्पा त्या वेळी चहावाल्याला पैसे देत होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

पुढचं काम मात्र बघण्यासारखं होतं. ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट सोडवून, ब्रेक बाजूला करून, हब ज्यात बसतो तो अख्खा नकल बाहेर काढला. बेअरिंग त्यात दाबून बसवलेलं असतं, हातानं निघत नाही. मिस्त्रींनी तो नकल प्रेस असलेल्या लेथवाल्याकडं पाठवला. मी म्हणालो, हातोड्यानं नाही का निघणार? तर म्हणाले, जुनं निघंल, पण नवं ठोकून बसवलं तर तीन महिन्यांत परत या. नव्या बेअरिंगला दाबायचं ते बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो, गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. या ठशांना ब्रिनेलिंग म्हणतात. शब्द मला पाठ होता. तो असा लेथवाल्याच्या दारात भेटेल असं वाटलं नव्हतं.

जुनं बेअरिंग उघडल्यावर ग्रीसचा रंग दुधाळ चहासारखा निघाला. पाणी शिरलेलं. आतल्या रिंगवर, जिथं गोळ्या धावतात त्या वाटेवर, पोपडे सुटून खड्डे पडले होते. त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं.

"कवा गेलं असतं?" आप्पांनी विचारलं.

"त्याचं काय सांगता येत न्हाई. महिना चाललं असतं, न्हाईतर उद्याच तापून जाम झालं असतं. मग चाकाचा काय भरवसा?"

उद्या म्हणजे शुक्रवार. मिरजेचा वार.

संध्याकाळी साडेसातला काम संपलं. नवा नट टॉर्क रेंचनं आवळला, मग पंच मारून त्याची कड शाफ्टच्या खाचेत दाबली, म्हणजे तो फिरून ढिला होत नाही. बेअरिंग, प्रेस आणि मजुरी मिळून 2,600 रुपये. जुनं बेअरिंग मी मागून घेतलं. येताना आवाज नव्हता.

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. 155/80 आर 13 टायरचा बाहेरचा व्यास साधारण 58 सेंटीमीटर, परीघ 1.8 मीटर. म्हणजे किलोमीटरला 550 फेरे. गाडी 1 लाख 40 हजार चाललेली, म्हणजे त्या बेअरिंगचे 7 कोटी 70 लाख फेरे झाले. भंडारी सरांच्या पुस्तकातलं एल-टेन आयुष्य आपण सगळेच परीक्षेत काढतो. सी भागिले पी, त्याचा घन, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत, खाली दोन रेघा. तेवढ्या फेऱ्यांपर्यंत शंभरातली नव्वद बेअरिंगं टिकतात. उरलेली दहा कुणाच्या गाडीत असतात हे त्या गणितात येत नाही. शिवाय आत स्वच्छ ग्रीस आहे हे त्यात धरलेलं असतं. पाणी कुठून आलं?

मी आप्पांना विचारलं. ते जरा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, ऑगस्टात एका मंगळवारी ओढ्याला पाणी आलं होतं, फरशी पुलावर अर्धं चाक बुडत होतं. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तशा पाण्यात गाडी घालायची नाही, असंही म्हणालो.

"मंगळवार हुता," आप्पा म्हणाले.

त्यावर मी काय बोलणार होतो? थोड्या वेळानं तेच म्हणाले, "टायर बी झिजलेलंच हुतं की. आज ना उद्या घालायलाच लागलं असतं." टायर अजून पाच-सहा महिने, निदान माल निघेपर्यंत, आरामात चालले असते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

शुक्रवारी पुन्हा मिरज. ते मोठं वळण आलं तेव्हा आप्पा आणि मी, दोघंही न बोलता कान देऊन बसलो होतो. काही नाही. फक्त वारा आणि टायरचा सळसळ आवाज. येताना आजी नेहमीसारखी काचेला शाल लावून टेकली, पण अर्धा रस्ता झाला तरी डोळे उघडेच.

"आज झोप न्हाई व्हय, आजी? आता आवाज बी न्हाई."

"त्येच की," आजी म्हणाली. "मी कण्हायची, ते बी कण्हायचं. सोबत हुती बाबा."

आप्पांनी हात पुढं करून रेडिओ लावला, बारीक आवाजात.