रातकिड्याला हाडं नसतात

शहापूर, बेळगाव

चि. भाचीस,

तुमचा झाडबेडूक रातकिडे आवडीने खातो, मग वर पावडर कशाला, असं तू विचारतेस. माझ्या मते कॅल्शियमची पावडर हे औषध नाही, त्याच्या जेवणातला राहून गेलेला भाग आहे. रातकिड्याला हाडं नसतात, आणि त्याचं कवच कायटिनचं, चुन्याचं नव्हे. 100 ग्रॅम रातकिड्यांत कॅल्शियम जेमतेम 40 मिलीग्रॅम आणि फॉस्फरस तीनशेच्या घरात. बेडकाला हवं ते नेमकं उलट, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. मीलवर्म तर याहून वाईट. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की शरीर ते हाडांतून ओढतं. शिवाय बेडकाच्या कण्यालगत चुन्याच्या पिशव्या असतात, ती त्याची बेगमी. त्यामुळे बरेच दिवस वरून काहीच कळत नाही. खालचा जबडा मऊ पडतो, मागचे पाय थरथरू लागतात, तेव्हा बेगमी संपत आलेली असते. म्हणून ‘तो धडधाकट दिसतो’ हा पुरावा मला पटत नाही.

आपल्या शिवारातल्या बेडकांना कोण पावडर लावतं, असं कुणी म्हणेल. पण ते गोगलगायी, गांडुळं, भुंगे, क्वचित उंदराचं पिल्लूसुद्धा गिळतात, आणि त्यांच्या अंगावर उजेड पडतो तो सूर्याचा. काचेच्या पेटीत रोज एकच किडा, आणि खिडकीच्या काचेतून अतिनील-बी किरण जवळजवळ येतच नाहीत. कॅल्शियम अंगी लागायला हवं ते ‘डी’ जीवनसत्त्व त्या किरणांनीच कातडीत तयार होतं, म्हणून वरून डी-3 हवं. दुसरा पर्याय तू सुचवतेस तो रातकिड्यांना नाचणी चारण्याचा. नाचणी आपल्यासाठी उत्तम, पण तिच्यात 100 ग्रॅममागे कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. किड्याचं पोट कॅल्शियमने भरायचं तर त्याच्या खाद्यात ते सुमारे आठ टक्के, म्हणजे आठ हजार मिलीग्रॅम लागतं. आणि निपाणीकडे तंबाखूला लावतात तो चुना कृपा करून वापरू नका. त्याने तोंड भाजतं, बेडकाची कातडी तर फारच नाजूक. कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली पावडर घ्या. किडे डब्यात चिमूटभर पावडरीत घोळवून लगेच द्या, कारण रातकिडा थोड्याच वेळात अंग साफ करून टाकतो.

जीवनसत्त्वांना मात्र ‘दर खाण्याला पावडर’ हा न्याय लावू नका. तीही लागतातच. अमेरिकेत बंदिवासात जपलेल्या वायोमिंग टोडांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने जिभेचा चिकटपणा गेला. समोरचा किडाही त्यांना धरता येईना. तेव्हा जीवनसत्त्वांच्या पावडरीत ‘अ’चं तयार रूप, म्हणजे रेटिनॉल, हवंच, नुसत्या बीटा-कॅरोटीनवर भिस्त नको. पण ‘अ’ आणि ‘डी’ दोन्ही अंगात साठतात. डी-3 अती झालं तर मूत्रपिंडात चुना बसतो. माणसांसाठीची 60,000 युनिटांची पुडी तर बेडकाच्या आसपासही नको. वाढत्या बेडकाला प्रत्येक खाण्यासोबत कॅल्शियम, जीवनसत्त्वांची पावडर आठवड्यातून एकदाच, आणि उघडलेली डबी सहा महिन्यांनी बदलायची. जबडा आधीच मऊ लागत असेल, तर पावडर वाढवत बसू नका. असे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे नेऊन क्ष-किरण चित्र काढून घ्या.

तुझा,
मामा