डोंगल कोणाकडे आहे, ताई?

रत्नागिरीतल्या गावांत बातमीसाठी फिरताना मी सरपंचताईंना हल्ली हमखास विचारतो, तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल कुठाय? कुणी म्हणतं ऑपरेटरकडे, कुणी म्हणतं 'ह्यांच्याकडे'. पिनसुद्धा त्यांनाच ठाऊक!

मंडळी, वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून निघतो तो ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सह्यांनी. दोन सह्या अशासाठी की एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहावं. दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरात असतील तर लक्ष ठेवणार कोण? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं, सहीची किल्ली ज्याची त्यानेच सांभाळायची. कोऱ्या चेकवर सही करून आपण कुणाच्या हातात देतो का?

ताई, डोंगल पर्समध्ये ठेवा, पिन आजच बदला. उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव तुमचंच असणार.