वाशीमची मध्यरेषा

वाशीमला जाणारे लोक बहुधा बालाजीच्या दर्शनास किंवा सोयरिकीच्या कामास जातात. मी गेल्या एप्रिलांत तेथें गेलों तो एका चोरीच्या तपासासाठीं. चोरी पैशाअडक्याची नव्हती, साडेपांच मिनिटांची होती. आणि तिच्यांत माझाहि हात होता. म्हणून प्रवासाची हकीकत सांगण्यापूर्वीं तो गुन्हा सांगणें प्राप्त आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील एका शाळेंत मी संस्कृत शिकवीत होतों. एके दिवशीं भास्कराचार्यांचा विषय निघाला. आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनीं लंकेपासून मेरूपर्यंत जी भूमीची मध्यरेषा मानिली होती, ती उज्जयिनीवरून आणि आपल्या वाशीमवरून बरोबर जाते, असें मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. मागच्या बांकावरील एक मुलगा नकाशाच्या पुस्तकामागील सूची उघडून उभा राहिला व म्हणाला, "सर, उज्जैन ७५ अंश ४६ कला आहे आणि वाशीम ७७ अंश ८ कला. मग दोन्ही गांवें एका रेषेवर कशीं?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. तें तसें सांगण्याऐवजीं मीं विचारलें, "आचार्यांपेक्षां तूं शहाणा काय?" आणि तास संपेपर्यंत त्याला उभें ठेविलें. वर्ग हंसला. पुढें दोन वर्षें तो मुलगा माझ्या हाताखालीं होता. पण त्यानें मला पुन्हां एकहि प्रश्न विचारला नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर माणसाला वेळ पुष्कळ असतो आणि जुन्या गोष्टी आठवतात. तो प्रश्न आतां तरी सोडवावा असें ठरवून, आजोबांचें खिशांतील स्विस घड्याळ बरोबर घेतलें आणि अकोल्यास गाडी बदलून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीनें वाशीमला उतरलों. तेथें माझे मेहुणे राहतात. घराला ऐसपैस गच्ची आहे, आणि तपासाला तीच हवी होती.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वत्सऋषींचें उग्र तप शांत करण्यासाठीं देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, येथें जमला, म्हणून हें नांव पडलें अशी कथा आहे. इतिहास पाहतां हें वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचें नगर. सर्वसेन हा तिचा मूळपुरुष. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेंच १९३९ सालीं सांपडला. आणि याच घराण्यांतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें खोदविलें. इंग्रजी अमलांत बासीम या नांवानें हें जिल्ह्याचें ठिकाण होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला आणि १९९८ च्या १ जुलैला अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हां झाला. पद्मतीर्थ, करुणेश्वर, बालाजीचें भव्य देऊळ हीं सर्व पाहण्याजोगीं आहेत. पण माझें काम होतें मध्यमेश्वराशीं. भूमीची मध्यरेषा येथून जाते म्हणून या महादेवास मध्यमेश्वर म्हणतात, असें गांवांतील लहानथोर आजहि सांगतात. पिंडीवर पाणी घालून मीं मनांत म्हटलें, "देवा, खरें काय तें दिसूं दे. तुझ्या नांवाला धक्का लागला तर तो माझ्या हातून लागो, पण खोटें नको."

हें सांगणें केवळ लोकांचें नाहीं. आचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणी'त, शके १०७२ मध्यें, मध्यरेषेवर लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र हीं मुख्य ठिकाणें सांगितलीं. पुढें शके ११०५ च्या 'करणकुतूहला'त त्यांनीं मोठी मालिका दिली आहे: लंका, देवकन्या, कांची, श्वेतपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र आणि मेरु. पर्यली ही आपली परळी असावी. म्हणजे वाशीमचें नांव प्रत्यक्ष आचार्यांच्या लेखणींतून उतरलेलें आहे. मग मुलाचा नकाशा खोटा कीं आचार्य खोटे?

तपासाला सुरुवात करणार तोंच मुख्य साक्षीदार मुका झाला. प्रवासांत घड्याळ बंद पडलें. मेहुण्यांनीं मला एका वृद्ध घड्याळजींकडे नेलें. त्यांनीं डोळ्याला भिंग लावून मागचें झांकण उघडलें. झांकणाच्या आंतल्या बाजूस सुईच्या टोकानें कोरलेल्या चार बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारे अशा खुणा करून ठेवतात, म्हणजे तें पुन्हां आलें तर ओळख पटते. मला शेरलॉक होम्सची आठवण झाली. १८९० सालच्या 'द साइन ऑफ फोर' या कादंबरींत तो घड्याळाच्या आंतील ओरखडे पाहून त्याच्या मृत मालकाचें सारें आयुष्य सांगतो. आमच्या घड्याळजींनीं तेवढें सांगितलें नाहीं, पण मी तबकडीवरील मुंबईच्या पेढीचें नांव दाखवितांच ते हंसून म्हणाले, "गुरुजी, हें नांव विकणाराचें. करणाराचें नांव पाहायचें असेल तर तबकडी काढावी लागते." त्यांनीं ती काढली, आणि खालीं पितळेवर एक चिमुकली मुद्रा दिसली. आमच्या घरांत तीन पिढ्या ज्याच्यावर मुहूर्त साधले, त्याच्या खऱ्या कर्त्याची खूण आमच्यापैकीं कोणींच पाहिली नव्हती.

स्वित्झर्लंडचा हा धंदा असाच गूढ आहे. ज्युरा पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत हिवाळ्यांत शेती बंद पडे, तेव्हां शेतकरी घरोघर घड्याळांचे भाग करीत. एका घरीं चाकें, दुसऱ्या घरीं कमानी, तिसऱ्या घरीं कांटे. सर्व भाग एकत्र जुळविणारा व्यापारी निराळा, आणि तबकडीवर नांव बहुधा आणखी तिसऱ्याचेंच. ही विद्या बाहेर जाऊं नये म्हणून १९३४ सालीं तेथील सरकारनें घड्याळांचे सुटे भाग व तीं करण्याचीं यंत्रें परदेशीं पाठविण्यावर निर्बंध घातले, ते पुढें १९७१ पर्यंत कमीअधिक प्रमाणांत चालले. परंतु त्याच दऱ्यांतून उघडें ज्ञानहि जगाला मिळालें. फ्लरिये गांवीं एका घड्याळजीच्या घरीं जन्मलेल्या शार्ल गिलोम यांनीं उष्णतेनें जवळजवळ न फुगणारी पोलाद व निकेल यांची मिश्रधातू शोधून काढली आणि तिच्यासाठीं त्यांना १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. उन्हानें घड्याळाची बारीक कमान ढिली पडते व घड्याळ मागें पडतें. त्या दोषावरहि पुढें निकेल-पोलादाच्याच मिश्रधातूनें उपाय निघाला. माझें घड्याळ याहून जुन्या रीतीचें. त्याच्या झुलत्या चक्राची कड आंतून पोलादाची व बाहेरून पितळेची आहे. उष्णता वाढली कीं कडेचीं मोकळीं टोकें आंत वळतात, चक्र चपळ होतें आणि कमानीचा ढिलेपणा भरून निघतो. तें चक्र सेकंदास पांच, म्हणजे दिवसास ४,३२,००० झोके घेतें. दहा हजारांत एक झोका चुकला तरी दिवसाला साडेआठ सेकंदांचा फरक पडावा!

घड्याळजींनीं तेल घालून दुसऱ्या दिवशीं घड्याळ परत केलें. १५ एप्रिलच्या सकाळीं मेहुण्यांच्या नातवाच्या मोबाइलवरील वेळेशीं तें जुळवून मी गच्चीवर गेलों. हा दिवस मुद्दाम निवडला होता, कारण त्या सुमारास घड्याळाची मध्यम वेळ व सूर्याची स्पष्ट वेळ यांत अंतर जवळजवळ राहत नाहीं. सपाट फरशीवर बारा अंगुळांचा शंकु ओळंब्यानें नीट उभा केला आणि त्याच्याभोंवतीं खडूनें तीन वर्तुळें काढलीं. ही रीत आपल्या सिद्धान्तग्रंथांतलीच. सकाळीं छायेचें टोंक वर्तुळांत शिरतें, दुपारीं बाहेर पडतें. त्या दोन वेळांचा मध्य हाच मध्याह्न. नातू घड्याळ धरून सावलींत बसला होता. मी टोंक रेषेला टेकलें कीं "आतां!" म्हणे आणि तो वेळ लिही.

बाहेरचें वर्तुळ: ९ वाजून ३१ मिनिटें, आणि ३ वाजून ११. मधलें: १० वाजून २, आणि २ वाजून ४२. आंतलें: १० वाजून ४८, आणि १ वाजून ५५. तिन्हींचा मध्य १२ वाजून २१ ते २२ मिनिटांमध्यें पडला, सरासरी साडेएकवीस. आपली प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरची आहे, आणि एक अंश म्हणजे चार मिनिटें. साडेएकवीस मिनिटांचे सव्वापांच अंशांहून थोडे अधिक होतात. ते वजा केले कीं वाशीम ७७ अंश ८ कलांच्या जवळच येतें. हाच हिशेब उज्जैनला लावला तर तेथील मध्याह्न १२ वाजून सुमारें २७ मिनिटांनीं होतो. अंतर साडेपांच मिनिटें; जमिनीवर पूर्वपश्चिम सुमारें १४० किलोमीटर. मुलाचा नकाशा खरा होता.

मग चोर कोण? संध्याकाळीं आम्ही दोघे हिशेब घेऊन बसलों. जुन्या काळीं एखादें गांव मध्यरेषेच्या किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे हें चंद्रग्रहणावरून ठरवीत. ग्रहणाची मध्यरेषेवरील वेळ गणितानें काढावयाची, आणि गांवीं तें प्रत्यक्ष केव्हां दिसतें तें मोजावयाचें. दिसावयास उशीर झाला तर गांव पूर्वेस, लवकर दिसलें तर पश्चिमेस. युक्ति अगदीं शुद्ध आहे. पण वेळ मोजावयाची ती पाण्यावर ठेविलेल्या सच्छिद्र तांब्याच्या घटिकापात्रानें. लग्नघटिका मोजण्यासाठीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं तें पाहिलेलें असेल. तें चोवीस मिनिटांनीं बुडतें, ती एक घटिका. तिचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. एका पळाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारें दहा किलोमीटरांची चूक! त्यांत पृथ्वीच्या छायेची कड स्पष्ट नसते. ग्रहणाचा स्पर्श कोणत्या क्षणीं झाला याविषयीं दोन चांगल्या डोळ्यांचेंहि चटकन् एकमत होत नाहीं. उज्जैन आणि वाशीम यांतील साडेपांच मिनिटें म्हणजे चौदा पळेंहि नाहींत. कांची तर उज्जैनच्या जवळजवळ चार अंश पूर्वेस. पण तेंहि अंतर ३९ पळांचें, एका घटिकेच्या आंतलेंच. एवढ्या मोठ्या देशांतील दूरदूरचीं गांवें या साधनानें एका घटिकेच्या आंत एका सुतांत ओंवलीं, याला चोरी म्हणावें कीं पराक्रम?

पाश्चात्यांनाहि हा प्रश्न सुटला तो चांगलें घड्याळ हातीं आल्यावरच. इंग्लंडच्या पार्लमेंटनें समुद्रावर रेखांश काढणारास १७१४ सालीं मोठें बक्षीस लाविलें. हॅरिसनचें घड्याळ समुद्रप्रवासाच्या परीक्षेस निघालें तें १७६१ सालीं.

तेवढ्यांत नातवानें आंकडे पाहून एक गोष्ट दाखविली, ती माझ्या ध्यानांत आली नव्हती. "आजोबा, कुरुक्षेत्र ७६ अंश ५० कला आहे. तें वाशीमच्या अगदीं जवळ आलें कीं!" खरेंच होतें. दोहोंत १८ कला, म्हणजे तीन पळें. परळी साडेशहात्तर अंशांवर, 'सूर्यसिद्धान्ता'नें याच रेषेवर सांगितलेलें रोहीतक, म्हणजे आजचें रोहतक, तेंहि तसेंच. हीं चारी गांवें पाऊण अंशाच्या आंत बसतात. रेषेपासून पश्चिमेस सरकलेली आहे ती उज्जयिनी, जिच्या नांवानें ती रेषा ओळखली जाते! तीस वर्षें मी वाशीमला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करून मनांतल्या मनांत त्याचें वकीलपत्र घेत होतों. आणि येथें तर साक्षी भलतीकडेच वळली. त्या मुलाचा प्रश्न मीं त्या दिवशींच फळ्यावर मांडला असता, तर हें सारें वर्गांतच निघालें असतें.

खरी चोरी ती. आचार्यांची चूक साधनाची होती. त्यांच्या काळच्या घड्याळाला जेवढें दिसलें तेवढें त्यांनीं लिहिलें, आणि गणित डोळ्यांना पटलें पाहिजे, त्यालाच दृक्प्रत्यय म्हणतात, हें आपल्याच ज्योतिष्यांनीं वारंवार बजावलें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित माझ्यासारखेच मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पेशानें शिक्षक. त्यांनीं १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चा इतिहास लिहिला, तो पूर्वजांचा गौरव करीत आणि त्यांच्या चुकाहि मोजीत. माझी चूक साधनाची नव्हती. नकाशा पुढ्यांत होता, आणि मीं तो मिटावयास लाविला. आजहि माझ्या मोजणींत अर्ध्या मिनिटाची शंका आहे. ती जमिनीवर तेरा किलोमीटर होते. म्हणजे हें स्विस घड्याळ घेऊनहि मध्यमेश्वराचें देऊळ मला त्याच्या जागेवर नेमकें दाखवितां येत नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पुन्हां देवळांत गेलों. देवाचें नांव बदलावें असें मला वाटलें नाहीं. एके काळीं या गांवानें आकाशाकडे पाहून आपलें स्थान शोधिलें, त्याची ती खूण आहे, आणि ती असावी.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता त्याच्या एका सोबत्याकडून मिळविला होता. तिन्ही वर्तुळांचे आंकडे, हिशेब आणि "तुझें म्हणणें बरोबर होतें, मीं तुला उभें ठेविलें तें चुकलें," एवढें लिहून पत्र वाशीमच्याच टपालांत टाकलें. हें लिहीपर्यंत उत्तर आलेलें नाहीं. यावेंच असाहि माझा हट्ट नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रश्न विचारणारें मूल असेल, तर त्यानें एक काठी, खडू आणि घरांतील कोणतेंहि घड्याळ घेऊन मुलासह गच्चीवर जावें. दिवस उन्हाचा असला म्हणजे पुरे.