कागदाची पट्टी

लहानपणापासून माझ्या छातीत अधूनमधून घोडं उधळायचं. विहिरीवरून कळशी आणताना, शाळेच्या वाटेवर, कधी नुसतं वाकून काही उचलताना. एकाएकी धडधड सुरू, आणि दहा-वीस मिनिटांनी झटक्यात बंद. आई म्हणायची, ऊन लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी जागेवर आलेली असायची. डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचे. पुढं मी सांगायचंच बंद केलं.

लग्न होऊन माण तालुक्यात आले. पहिलटकरीण, पाचवा महिना, आणि ज्वारीची काढणी आलेली. रानात भाकरी घेऊन गेले, पाटी उतरवायला वाकले आणि घोडं सुटलं. या खेपेला ते थांबेचना. डोळ्यांपुढं अंधारी, अंगाला दरदरून घाम. आत्याबाईंनी बांधावरच माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरल्या. "कुणाची तरी नजर लागली गं पोरी," म्हणाल्या.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं. पंधरा सेकंदांत 48. म्हणजे मिनिटाला 192. "आत्या, ही नजर न्हाय. गाडी काढा," एवढंच त्या बोलल्या.

सरकारी दवाखान्यात पोचले तरी धडधड चालूच होती, आणि तेच माझं नशीब. ईसीजीच्या पट्टीवर ती पहिल्यांदाच सापडली. डॉक्टरीणबाईंनी दहा मिलीची रिकामी सिरिंज हातात देऊन जोरानं फुंकायला लावलं, मग झटकन आडवं करून पाय वर धरले. चेहऱ्यावर बर्फाच्या पाण्याचा कपडाही ठेवला. जमलं नाही. मग शिरेतून ॲडेनोसीनचं इंजेक्शन दिलं. क्षणभर वाटलं, संपलं सगळं. छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या क्षणी सगळं शांत.

"हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, बाळाची काळजी नको," बाई म्हणाल्या. मग ह्यांना समजेल असं सांगितलं. हृदय विजेवर चालतं. हिच्या हृदयात विजेला जन्मापासून एक जादा वाट आहे. वीज कधीकधी त्या वाटेनं शिरते आणि गोल गोल फिरत बसते. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला जादा काम पडतं, म्हणून झटके वाढतात. पट्टीची झेरॉक्स देऊन म्हणाल्या, "ही जपून ठेवा. कुठल्याही दवाखान्यात आधी ही दाखवा."

मेटोप्रोलोलची गोळी रोज घ्यायची होती, आणि बाळाची वाढ बघायला ठरलेल्या दिवशी सोनोग्राफी. पण 'हार्टची गोळी' म्हटल्यावर घर हादरलं. आत्याबाई म्हणाल्या, "पोटातल्या जिवाला आसलं औषीद बाधंल." त्यांना दोष कसा देऊ? माझ्या मनातही तेच होतं. चार दिवस मी गोळी पदरात बांधून ठेवली, कुणाला कळू दिलं नाही.

पाचव्या रात्री मी न्हाणीत पडले. 108 ची गाडी येईपर्यंत आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पट्टी बघताच डॉक्टरांनी वेळ न घालवता इंजेक्शन दिलं. शुद्धीवर आल्यावर बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळाला रक्त तुझ्याकडूनच जातं. तुझं ब्लडप्रेशर पडलं तर त्याला कुठून मिळणार? गोळीपेक्षा हा झटका त्याला जास्त वाईट."

पदराची गाठ मी आत्याबाईंसमोर सोडली. चारही गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच पुढं उभ्या राहायच्या. गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. चहा त्यांनी अर्ध्या कपावर आणला, दुपारची झोप सक्तीची केली. मला डाव्या कुशीवर वळवून, भिंतीला टेकून बसायच्या.

बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, छातीला वायरी लावून झालं. कळा देताना एकदा धडधडलं, पण सिरिंज फुंकल्यावर थांबलं. मुलगी झाली, वजन 2 किलो 700 ग्रॅम. ती दोन वर्षांची झाल्यावर मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून डॉक्टरांनी माझ्या हृदयातली ती जादा वाट जाळली. त्यानंतर घोडं उधळलं नाही.

डॉक्टर सांगतात, गरोदरपणातली बहुतेक धडधड साधीच असते. पण चक्कर, धाप किंवा छातीत दुखणं सोबत असलं, तर थांबायचं नाही.

ती पट्टी अजून घरात आहे. आत्याबाईंनी ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ट्रंकेत ठेवली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी गल्लीतल्या कुणा सुनेला दिवस गेले की ट्रंक उघडायच्या, पट्टी पसरायच्या आणि म्हणायच्या, "काळजाचं दुखणं आसं दिसतंय बघ. धडधडलं तर लपवू नगंस."