परूश्याची वही

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला आलेली दोन माणसं भेटतात, एक परूशी आणि एक जकातदार. परूशी म्हणजे ढोंगी, हे शब्बाथ शाळेपासून आमच्या मनावर इतकं बिंबलेलं असतं की एक साधी बाब नजरेतून निसटते. हा माणूस खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो, तर करत असणार. मिळकतीचा दशांश देतो म्हणतो, तर देत असणार. तो कुणाला लुबाडत नाही, व्यभिचार करत नाही. आज त्याच्या हातात मोबाइल असता तर सवयींची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्याचे सगळे रकाने भरलेले दिसले असते. आणि तरीही येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, लांब उभा राहून ऊर बडवणारा जकातदार.

खराडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या तरुणाला ही गोष्ट हल्ली फार जवळची वाटते, कारण माझ्या भोवतीचं पुणं स्वतःला सुधारण्याच्या मागे लागलं आहे. आप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांशेजारी यशाची, सवयींची, श्रीमंतीची अनुवादित पुस्तकं रचलेली असतात आणि ती खपतात. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोण पहाटे किती वाजता उठतो याची चर्चा रंगते. आमच्या चर्चच्या तरुण संघातही नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत संकल्प लिहून घेतात. बायबलवाचनाचा वार्षिक तक्ता, उपास, व्यायाम, इंग्रजी सुधारणं, सगळं एकाच कागदावर.

याला नावं ठेवणं मला जमणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढच्या पिढ्यांत नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा पाटी-पुस्तक आलं. माझे पणजोबा त्यांतल्याच एका घरातले. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्यासाठी अक्षर गिरवणं, स्वच्छ सदरा घालणं, दारू सोडणं, महिन्याच्या खर्चाचा हिशेब ठेवणं ही ताठ मानेने जगण्याची लढाई होती. देवाने आपल्याला त्याच्या प्रतिरूपाचं केलं आहे, हे ऐकल्यावर त्या माणसांनी स्वतःला घडवायला घेतलं. त्यांच्या कष्टांवर मी उभा आहे. म्हणून स्वतःला सुधारण्याची धडपड श्रद्धेच्या आड येते, असं कुणी व्यासपीठावरून म्हटलं तर मला ते पटत नाही. माझी अडचण त्या वहीशी आहे, जिच्यात सुधारणेची नोंद ठेवता ठेवता माणूस त्या नोंदीलाच आपलं नीतिमत्त्व समजू लागतो.

बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात अशा वहीचं फार प्रामाणिक वर्णन केलं आहे. तरुणपणी त्याने तेरा सद्गुण निवडले, आठवड्याला एक असा क्रम लावला आणि चूक झाली की रकान्यात काळा ठिपका द्यायचा असा नेम केला. यादीत आधी बाराच गुण होते. लोक तुला गर्विष्ठ समजतात असं एका क्वेकर मित्राने सांगितलं, तेव्हा नम्रता तेरावी आली. आणि शेवटी त्यानेच कबूल केलं की गर्व पुरता जिंकला असं समजलं तरी बहुधा आपल्याला आपल्या नम्रतेचाच गर्व होईल. वहीची मर्यादा वही ठेवणाऱ्यानेच याहून नेमकी सांगितलेली मला माहीत नाही.

नगर रोडवर रामवाडीला जेझुइटांचं डी नोबिली कॉलेज आहे. आम्ही सीएनआयचे, म्हणजे प्रोटेस्टंट वळणाचे, पण इग्नेशियस लोयोलाची आत्मपरीक्षणाची रीत मी शिकलो ती एका जेझुइट फादरांकडूनच. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या इग्नेशियसच्या साधनाग्रंथातही वही आहे. दिवसागणिक रेघा, चुकल्याच्या खुणा, कालच्याशी आजची तुलना. मात्र रोजच्या सर्वसाधारण परीक्षणात तो चुकांपासून सुरुवात करत नाही. देवाकडून जे मिळालं त्याबद्दल आधी आभार, मग आपली पापं ओळखण्याची कृपा मागायची, आणि त्यानंतर दिवसाकडे वळून पाहायचं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर लूकचा अठरावा अध्याय पुन्हा वाचला आणि थबकलो, कारण परूशीही आभारानेच सुरुवात करतो! पण आभार कशाचे, तर आपण इतर माणसांसारखे नाही याचे, आणि तिकडे उभ्या असलेल्या त्या जकातदारासारखेही नाही याचे. त्याच्या प्रार्थनेत दुसरा माणूस येतो तो केवळ उणा ठरण्यासाठी. मला खूण सापडली ती इथे. आपल्या प्रार्थनेत आणि आपल्या संकल्पांत दुसरा माणूस कोणत्या कामासाठी येतो, ते पाहायचं.

पुण्याच्या ख्रिस्ती तरुणाने या प्रश्नासाठी दूर जायची गरज नाही. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या वर्षांत अन्नान्न करत गेलेली, मग भाऊ श्रीनिवास गेला, मग नवरा, आणि कडेवर लहानगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी गाठीला होती. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीती’ लिहून प्रसिद्ध केली. स्त्रियांनी शिकावं, उद्योगी व्हावं, स्वतःच्या उन्नतीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, हा त्या पुस्तकाचा आग्रह. आजच्या दुकानात ते आत्मविकासाच्या कपाटात लागलं असतं, आणि ज्या आयुष्यातून ते आलं ते पाहता त्यातल्या उपदेशाला वजन होतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं आणि १८९० मध्ये ते पुण्याला आणलं. विद्या होती, धैर्य होतं, विधवांची सेवा चालू होती, धर्मांतरापायी समाजाचा रोष सोसणं चालू होतं. वहीच ठेवायची तर हिच्याइतकी भरलेली वही कुणाची असणार? पण १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस पाळक झाल्यावर, दुसऱ्यांना उपदेश करत असताना स्वतः पालटला होता. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या, आणि ज्या बुद्धीचा साऱ्या देशाने गौरव केला होता ती बाजूला ठेवून केवळ एक पापी म्हणून देवापुढे उभ्या राहिल्या.

या कबुलीला किती धैर्य लागलं असेल! टीकाकार तर टपूनच होते. एवढी वर्षं मला ख्रिस्त भेटलाच नव्हता, असं त्यांच्यासमोर छापून देणं म्हणजे आपल्या हातानेच आपली सगळी प्रमाणपत्रं खाली ठेवणं. जकातदाराची प्रार्थना विद्वान बाईच्या तोंडून आली की ती अशी दिसते.

त्यानंतर काय झालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या आणि रमाबाई तिकडे गेल्या. ज्या भुकेने आपलं घर संपवलं त्याच भुकेच्या तावडीतून त्यांनी शेकडो मुली-बाया सोडवून आणल्या आणि पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. विसावं शतक उजाडलं तेव्हा तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांसाठी शिक्षण. आणि उतारवयात, हा सगळा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकहाती संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या त्याच्या आधी ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमाही गेली होती, तरी काम थांबलं नाही.

हिब्रू शिकणं ही सुधारणाच की. पन्नाशीच्या आसपासच्या बाईने नवी लिपी, नवं व्याकरण घोकायला घेणं हे कुठल्याही संकल्पाच्या यादीत शोभेल. पण ते कुणासाठी चाललं आहे हे त्यांना माहीत होतं. थोडंफार वाचायला शिकलेली खेड्यातली मुलगी समोर होती, तिला पंडिती मराठी झेपणार नव्हती. ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिणाऱ्या रमाबाईंची मेहनत आणि केडगावच्या रमाबाईंची मेहनत यांत कमी-जास्त काही नाही, दोन्हीकडे रात्रंदिवस कष्ट आहेत. कृपेने त्यांना आळशी केलं नाही. स्वतःची फिकीर मात्र सुटलेली दिसते.

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणारा हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, आणि आजही आमच्या उपासनेत पेटी-झांजांवर त्यांची भजनं होतात. मोठ्या भक्ताचं चरित्र आपण बहुधा शिष्यांकडून ऐकतो. टिळकांचं ऐकायला मिळतं ते त्यांच्या बायकोकडून. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली, आणि त्यांत टिळकांचा भडका उडणारा राग आहे, न सांगता निघून जाणं आहे, घरात दाणा नसताना हातातले पैसे वाटून टाकणं आहे, सगळं आहे. आणि प्रेम आहे, भरभरून. धर्मांतरानंतर काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे आल्या. तरी सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. टिळकांनीही, एवढे तापट असून, त्याबाबतीत बळजबरी केली नाही. एका क्षणी विचार करून लक्ष्मीबाईंनी स्वतःच जातिभेद मनातून काढून टाकला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

माझ्या मते टिळकांच्या पालटाचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्या अभंगांत नाही, या वाट पाहण्यात आहे. ज्या माणसाला एरवी घटकाभर धीर धरवत नसे त्याने बायकोच्या मनासाठी वर्षानुवर्षं धीर धरला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला ही गोष्ट चरित्रकार ठळक करून सांगतात, आणि ती मोठी आहेच. पण पगार सोडणं दिसतं, वही भरते. घरातल्या माणसासाठी गिळलेल्या रागाची नोंद फक्त त्या माणसाजवळ असते. आपण सुधारलो की नाही हे आपल्याला विचारण्यात अर्थ नाही, लक्ष्मीबाईंना विचारावं.

माझी आजी सोनईकडची. आमच्याकडे संध्याकाळी घरची उपासना होते तेव्हा शेवटची प्रार्थना तिची असते आणि ती लांबते, कारण ती नावं घेते. आखातात गेलेला शेजारच्या शेखांचा मुलगा, दवाखान्यातली सिस्टर, मावशीची रखडलेली कोर्टाची केस, खालच्या मजल्यावर भांडून वेगळे झालेले नवरा-बायको. लहानपणी आम्हाला भूक लागलेली असायची आणि नावं संपायची नाहीत. त्या प्रार्थनेत ती स्वतःसाठी काही मागताना मी ऐकलेलं नाही. मी एकट्याने प्रार्थना केली असं सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला: “कुणाकुणाची नावं घेतलीस रे?”

या प्रश्नाने माझ्या संकल्पांचं रूप बदललं आहे. मी अजूनही पहाटे उठतो, वाचनाचा तक्ता पाळतो, लेंटच्या चाळीस दिवसांत उपासही करतो. पण प्रत्येक सवयीपुढे आता एखादं नाव लिहितो. ज्या सवयीपुढे कुणाचंच नाव सुचत नाही तिच्याबद्दल मी सावध असतो. शनिवारी येरवड्यातल्या एका वस्तीत आम्ही काही जण मुलांचा अभ्यास घेतो. सहावीतल्या मुलीला अपूर्णांकांची बेरीज समजत नाही, ती पुन्हा विचारते, पुन्हा विचारते, आणि आपल्यात संयम किती आहे ते त्या अर्ध्या तासात कळतं.

पुण्यातल्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी नगर, जालना, सोलापूरकडून शिकायला आणि नोकरीला आलेली मुलंमुली एकटी येतात, मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की खोलीवर किंवा मेसकडे परत जातात. माझ्या वयाच्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांच्यापैकी एकाला नाव विचारा, आणि जेवायला घरी घेऊन जा.