ढलपीला किती हात लागतात

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या आसपास भंगाराची दुकानं लागतात. पत्रे, पिंपं, केबलची रिकामी चाकं आणि त्यांच्यामागे पॅलेटच्या थप्प्या. एमआयडीसीतला माल ज्या लाकडी पाटांवर बसून येतो-जातो, ते हे पॅलेट. दोन-चार फेऱ्यांत एखादी फळी मोडली की कारखान्याच्या लेखी ते संपलं. तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने. त्यामुळे तिथलं भंगारही निराळं : निळी पिंपं आणि लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवलेल्या पांढऱ्या चौकोनी टाक्या. कागदोपत्री ती आयबीसी, गावात नुसती ‘हजारची टाकी’. शिरूरचं पॅलेट आणि दौंडचा पिंजरा यांची गाठ पडते ती जळणाच्या ढिगापाशी.

जळण आता कोण वापरतं, असं शहरातला माणूस विचारतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस घरोघर पोचला, हे खरंच. पण आंघोळीचं पाणी तापवायला सिलिंडर जाळणं अजून जिवावर येतं. ते काम बंबाचं, नाहीतर मागच्या दारच्या चुलीचं. लग्नाचा, जत्रेचा स्वयंपाक मोठ्या चुलाण्यावर होतो. आणि ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी लावणारे ढाबे तर नगर रस्त्यालाही आहेत नि सोलापूर रस्त्यालाही. पाटी लावली की आषाढातही रोज कोरडं लाकूड लागतं. गिऱ्हाइकाला चुलीची चव हवी असते, डोळ्यांत धूर नको असतो.

प्रस्तुत लेखकाने जळणाचा उद्योग अंगावर घेतला, तेव्हा त्याची समजूत होती की कष्ट फोडण्यात आहेत. कुऱ्हाड, घण, पाचर, घाम. दोन हंगामांनंतर त्याने एका ढलपीला किती वेळा हात लागतो ते मोजलं. ओंडका फोडला की ढलपी जमिनीवर पडते. तिथून ती राशीत, राशीतून ट्रॉलीत, ट्रॉलीतून अंगणात. अंगणातून उचलून थप्पी. पाऊस आला की थप्पीतून पडवीत, पडवीतून चुलीपाशी. फोडायला एक घाव, आणि उचलायला सहा वेळा वाकायचं. कंबर दुखते ती कुऱ्हाडीने नाही, या वाकण्याने.

आयाबायांनी हे गणित फार पूर्वी सोडवलं होतं. मोळी म्हणजे दुसरं काय? काटक्या एकदा गोळा करायच्या, लांब काठ्या बाहेरून, बारीक आत, घायपाताच्या दोरीने दोन जागी आवळायच्या, आणि तीच मोळी डोक्यावरून घरी आणून उभी करायची. मधे कुठे सुटं करायचं नाही. चुंबळीवर वीस-पंचवीस किलो वजन तोलून बांधावरून चालणाऱ्या बाईला कुणी मालवाहतूकशास्त्र शिकवलेलं नव्हतं. पण सुट्या मालाचा एक नग करून हलवावा, ही पॅलेटमागची सगळी अक्कल तिच्या मोळीत होती. फरक एवढाच, की मोळीखाली मान होती.

या भागात जळण म्हणजे मुख्यतः बाभूळ, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकात आली आणि आता ओढ्याच्या काठाने, गायरानात कुणी न लावता माजली आहे. तिचे काटे सायकलच्याच काय, ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत. पण निखारा टिकतो.

मात्र ताज्या तोडीचं लाकूड म्हणजे अर्धवट पाणीच. वजनाचा चाळीस टक्के भाग पाण्याचा असला, तर दहा किलो जळणात चार लिटर पाणी आलं. चूल आधी ते पाणी उकळून घालवते, मग तुमच्या हंड्याकडे वळते. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, तेव्हा ओलं लाकूड घेणारा पाण्याचे पैसे मोजतो आणि वर धूर फुकट घेतो. वाळलेलं ओळखायला यंत्र नको. टोकाला चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा पडलेल्या असतात, साल बोटाने सुटते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणकन वाजतात. ओल्या नुसत्या थप् करतात.

शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा शेवटी सप्टेंबरात. चैत्र-वैशाखात ऊन असं की माघात फोडलेलं लाकूड मृगापर्यंत खडखडीत व्हावं. तरीही न वाळणारे ढीग गावोगाव दिसतात, कारण ते जमिनीवर बसलेले असतात. खालचा थर ओल धरतो, मग वाळवी चढते. जुन्या माणसांनी त्यासाठी दगडांच्या दोन ओळी मांडून त्यांवर जळण रचलं. पॅलेट हे काम आयतं करतं : चार-पाच इंच पोकळी, खालून वारा आणि फळ्यांमधून झडणारी माती.

पिंजरा त्याच्या पुढची पायरी. सुमारे १२०० बाय १००० मिलिमीटरचा तळ, आत साधारण एक घनमीटर जागा, चारही बाजूंनी उघडा. टाकीच्या डोक्यावरच्या दोन आडव्या पट्ट्यांचे बोल्ट काढले की आतली प्लास्टिकची टाकी वर ओढून निघते. ती आत असताना ग्राइंडर लावणं हा शुद्ध आत्मघात. आधी काय भरलं होतं ते ठाऊक नसलेल्या भांड्याजवळ ठिणगी न्यायची नाही. मग पुढच्या अंगाच्या नळ्या निम्म्या उंचीवर कापायच्या, म्हणजे हात आत जातो. कापलेली तोंडं घणाने चपटी करायची. हे वाक्य लेखक मनगटावरचा व्रण पाहून लिहितो आहे.

आणि ती काढलेली टाकी? रसायनाने माखलेली रिकामी पिंपं-डबे २०१६ च्या घातक कचरा नियमांत चक्क कचरा म्हणून नोंदलेली आहेत. ती परवानाधारकाकडेच जायला हवीत. प्रत्यक्षात अशा टाकीत गाईंचं पिण्याचं पाणी साठवलेलं दिसतं. टाकीवरचं लेबल फाडलेलं असेल तर पिंजराही घेऊ नये, मग भाव कितीही उतरू दे.

पिंजऱ्यात ढलप्या रचायच्या नाहीत, फेकायच्या. फोडता फोडता थेट आत. वेड्यावाकड्या पडल्या की आपोआप फटी राहतात आणि वारा खेळतो. रचून बसवल्या तर माल जास्त मावतो, पण वाळायला उशीर. असा फेकून भरलेला पिंजरा वाळक्या बाभळीचा असेल तर साडेचारशे किलोच्या घरात जातो, ओल्या बाभळीचा सहाशेच्या पुढे. हा फरक लेखकाला एका संध्याकाळी समजला. कारखान्यातली हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली त्याने हौसेने आणली होती. काँक्रीटवर ती दोन टन लोण्यासारखी नेते. सारवलेल्या अंगणात तिची लहानशी चाकं चार पावलं गेली आणि पोटापर्यंत रुतली. पिंजरा कलला, ओल्या ढलप्या अंगणभर. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी ओट्यावरून म्हणाल्या, “डोक्यावर न्यायचं असतं रे, गाड्यावर नाही.”

मातीत ट्रॅक्टरच खरा. मागच्या तीन पॉइंटला दोन दात्यांचा सांगाडा जोडायचा, पिंजऱ्याच्या तळात घालायचा, वीतभर उचलायचा. जास्त उचलला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. लांबच्या वाटेला छोटा हत्ती. त्यात वाळक्या जळणाचा एक पिंजरा सुखाने जातो, दुसरा चढवायचा मोह आवरावा. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना भीमेच्या पुलाआधी उसाच्या गाड्यांनी रस्त्याची जी चाळण केलेली असते, तिथे पट्टा सैल असला की पिंजरा आपण होऊन सरकतो.

झाकायचं फक्त डोकं. पहिल्या पावसाळ्यात लेखकाने ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढून बांधली, आणि गणपतीत उघडली तेव्हा आत पांढऱ्या बुरशीची शेती. आता वर पत्र्याचा एक तुकडा, त्यावर दगड, बाकी उघडं.

पिंजऱ्याचा आणखी एक गुण सुरुवातीला कुणी हिशेबात धरला नव्हता. जमिनीवरच्या ढिगात उंदीर राहतो आणि उंदरामागे नाग, घोणस, मण्यार. ढलपी उचलायला घातलेला हात आत काय आहे ते पाहत नाही. पिंजरा आरपार दिसतो आणि विजेरी तळाखालून मारता येते. शिरूरच्या उत्तर भागात तर उसात बिबटे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. अंधार पडल्यावर परसातल्या ढिगाकडे जाणं तिकडे आता साधी गोष्ट राहिलेली नाही. भरलेला पिंजरा उजेडी स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवता येतो, हे यंत्राच्या कौतुकापेक्षा मोठं.

मोडकी पॅलेटं शेवटी चुलीतच जातात, पण पाहून. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. ते जाळायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते चुलीत घालू नये, रंगवलेलंही नको. जाळण्याजोग्या पॅलेटांतही पाइन कागदासारखं भुरकन पेटतं. पेटवणासाठी ठीक, भाकरीला बाभूळच. आणि खिळे! राख भांड्यांना लागते, उरलेली उकिरड्यावरून शेतात जाते, तिथून खिळा चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात. म्हणून लेखक राखेतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवतो. एका पॅलेटचे पन्नासावर खिळे त्याला चिकटलेले पाहिल्यापासून तो राख कधीच तशी टाकत नाही.

मार्गशीर्षात ढाब्यावरून रिकामे पिंजरे परत येतात. तळाशी ओंजळभर साल, भुंग्याने पाडलेलं पिठासारखं भूस, एखादी शेपूट तुटलेली पाल. ट्रॅक्टर पिंजरा बांधावर टेकवतो आणि इंजिन बंद व्हायच्या आत कोंबड्या आत शिरतात.